साठच्या काट्यावरची थरथर

भुतं रात्री येतात असं म्हणतात. आमच्याकडे ती भर दुपारी यायची, जेवणं उरकल्यावर. गिरणीचा भोंगा होऊन गेलेला असायचा, अंगणातली फरशी तापलेली असायची, आणि माझे यजमान बंद गाडीत जाऊन बसलेले असायचे. गाडी सुरू करायची नाही, काचा खाली करायच्या नाहीत. दोन्ही हात स्टेअरिंगवर ठेवायचे आणि समोरच्या कंपाउंडच्या भिंतीकडे बघत राहायचं. मी स्वयंपाकघराच्या खिडकीतून बघायची आणि भांडी जरा जास्तच आपटायची. त्यांना ऐकू जात नसे.

ते डॉक्टर होते. सोलापुरातली आमची सगळी पेठ त्यांना डॉक्टर म्हणे, म्हणून मीही घरात तेच म्हणायची. मी मुलींच्या शाळेत पदार्थविज्ञान शिकवायची. घरात एक डॉक्टर आणि एक विज्ञानाची बाई, त्यामुळे भुताखेतांना आमच्या उंबऱ्यात जागा नव्हती असं मला वाटायचं. आमची फियाट जुनी होती, सेकंडहँड घेतलेली, राखाडी रंगाची. आठवड्यातून एकदा डॉक्टर ती घेऊन मोहोळला जात, तिथल्या बाजाराच्या दिवशी एका खोलीत दवाखाना चालवत. त्या दिवशी ते दुपारी जेवायचे नाहीत. घरी आले की आधी अंघोळ, मग जेवण, मग कुणाला काय झालंय याच्या गोष्टी.

मोठा दुष्काळ सरल्यानंतरचं ते वर्ष. पाऊस बरा झाला होता. लांब गेलेले मेंढपाळ आपल्या कळपांसह परत आले होते आणि पुणे रस्त्यावर ठिकठिकाणी मेंढरं आडवी जायची. दसरा झाल्यावरच्या मोहोळच्या बाजारी डॉक्टर निघाले, आणि सावळेश्वरच्या अलीकडे एक म्हातारा धनगर त्यांच्या गाडीखाली आला.

एक मेंढरू रस्त्यात मागे फिरलं होतं, त्याच्यामागं म्हातारा पळाला. डॉक्टरांनी गाडी वळवली, पण डाव्या बाजूचा मडगार्ड त्याला लागलाच. गाडी पुढे मैलाच्या दगडावर आदळून थांबली. डॉक्टर उतरून पळत गेले, त्याची मान मांडीवर घेतली. औषधांची पेटी गाडीत होती, तिचा काही उपयोग नव्हता. "मेंढरं रस्त्यावर हायेत," एवढंच म्हातारा म्हणाला. हे डॉक्टरांनी मला एकदाच सांगितलं, त्याच संध्याकाळी. त्यानंतर त्यांनी त्या दिवसाबद्दल तोंड उघडलं नाही.

पोलिसांनी पंचनामा केला. म्हाताऱ्याच्या मुलानं स्वतःच सांगितलं, "बा मेंढरामागं पळाला. डाक्टरचा काय दोस न्हाई." सगळ्यांनी तेच लिहून दिलं. कायद्यानं माझा नवरा मोकळा झाला. पण पुढच्या आठवड्यात पेठेतल्या दवाखान्यात एका पोरीला इंजेक्शन द्यायला घेतलं, आणि ते सुई हातात धरून तसेच उभे राहिले. पोरगी रडायची थांबली आणि त्यांच्याकडे बघू लागली, तरी सुई खाली येईना. शेवटी कंपाउंडरनं ती हातातून काढून घेतली. त्या दिवशी दवाखान्याला कुलूप लागलं. सकाळी लोक येत, पायरीवर बसून राहत आणि ऊन चढलं की उठून जात. मी शाळेत जाताना त्यांच्यासमोरून जायची. "बाई, डाक्टर कवा बसणार?" असं कुणीतरी विचारायचं, आणि मी चालता चालता "बसतील" म्हणायची. मला तो दवाखाना उघडायला हवा होता. बाकी कशाचीही मला पर्वा नव्हती.

मडगार्ड, दिवा आणि बॉनेट ठाकठीक होऊन गाडी घरी आली. पत्र्याचं काम करणारा कारागीर पुणे नाक्याजवळचा होता. काम त्यानं नीटच केलं, रंगही जुळवून दिला. मी म्हटलं, विकून टाकू. डॉक्टर म्हणाले, "नको." मी म्हटलं, मग चालवा. ते म्हणाले, "नको." मग मीच चालवायला लागले. मला गाडी येत होती, लग्नानंतर त्यांनीच होम मैदानावर शिकवली होती. त्या काळी सोलापुरात बाईनं गाडी चालवली की सायकलवाले सायकलीवरून उतरून बघायचे. बघेनात का, मला काय त्याचं!

गावात गाडी मुकाट चालायची. एका रविवारी मी ती पुणे रस्त्यानं बाळे गावाच्या पुढे नेली. रस्ता मोकळा होता, दोन्ही बाजूंना शाळू हातभर वर आला होता. काटा साठाच्या जवळ गेला आणि स्टेअरिंग माझ्या हातात थरथरू लागलं. आधी बारीक, मग इतकं की बांगड्या वाजायला लागल्या. आपल्या हातांखाली आणखी कुणाचे तरी हात आहेत आणि ते कापताहेत, असं मला वाटलं. मी गाडी कडेला घेतली, इंजिन बंद केलं आणि घामानं निथळत बसले. समोर शेतात एक बाई खुरपत होती, तिनं उठून माझ्याकडे पाहिलं. "काय झालं बाई?" ती ओरडली. मी "काही नाही" म्हणाले आणि गाडी वळवली.

घरी आल्यावर मी डॉक्टरांना सांगितलं की गाडी साठाला थरथरते. त्यांनी हातातलं ताट खाली ठेवलं आणि मोरीत जाऊन हात धुतले. पुष्कळ वेळ धुतले. हात धुणं हा त्यांचा नवा छंदच झाला होता.

आमच्या कंपाउंडरला कळलं तेव्हा त्याला आश्चर्य मुळीच वाटलं नाही. तो चांगला माणूस, फक्त त्याला सगळं आधीच ठाऊक असायचं. "बाईसाहेब, राग मानू नका," तो म्हणाला, "पर त्या म्हाताऱ्याचा जीव मेंढरांत अडकलाय. मेंढरं सोडून कुटं जाईल त्यो? गाडीवरनं लिंबू-नारळ उतरून टाका की."

मी त्याला वर्गातल्या मुलींना झापावं तसं झापलं. आणि दुसऱ्या दिवशी, डॉक्टर आत झोपलेले असताना, गाडीवरून लिंबू आणि नारळ उतरवून टाकला. विज्ञानाची बाई असले म्हणून काय झालं, दवाखान्याला लागलेलं कुलूप माझ्याच घरचं होतं. पुढच्या रविवारी गाडी साठाला नेली. थरथर होती तशीच होती. नारळ फुकट गेला म्हणून मी चिडले, आणि चिडल्यावर मला जरा बरं वाटलं. जी गोष्ट लिंबानं जात नाही ती पान्यानं जाते, असं मी मनाशी म्हटलं.

तिथून माझी तपासणी सुरू झाली. पत्र्याच्या कारागिराला विचारलं तर तो म्हणाला, "टक्कर झालेली गाडी हाय बाई, थोडी थरथरणारच. माणूस पडला तरी लंगडतो की." हे सगळ्यांनाच पटण्यासारखं होतं. शेजारचे, शाळेतले, ज्यांच्या सात पिढ्यांत गाडी नव्हती तेसुद्धा, रिम वाकली असेल, टायरला फुगा आला असेल, इंजिनचं रबर फाटलं असेल असं सांगू लागले. उंटावरच्या शहाण्यांना आमच्या गावात तोटा नव्हता. मी ठरवलं, एका वेळी एकच गोष्ट बदलायची आणि बघायचं, शाळेच्या प्रयोगशाळेत करतात तसं.

आधी इंजिन. गाडी साठाला नेली, गिअर काढून न्यूट्रल केला. इंजिनचा आवाज खाली आला, थरथर तशीच राहिली. म्हणजे इंजिनाचा काही संबंध नाही. मग चाकं. कारागिराकडून पुढची चाकं मागे आणि मागची पुढे लावून घेतली. रिम वाकली असेल तर थरथर मागे जायला हवी होती, सीटखाली. ती आपली जागा सोडायला तयार नव्हती, स्टेअरिंगमध्येच होती. मग मी एक धाडस केलं. साठावर थांबले नाही, पाय दाबला. सत्तरच्या पुढे काटा गेला आणि थरथर एकदम नाहीशी झाली. गाडी लोण्यासारखी चालू लागली. वर्गात मी नादकाटा वाजवून मुलींना अनुनाद शिकवायची, प्रत्येक वस्तूला थरथरायला आपला एक ठराविक वेग लागतो, झोका जसा वेळेवर ढकलला तरच चढतो. त्याच्या पुढे गेलं की ती शांत. पुस्तकातलं ते वाक्य पुणे रस्त्यावर माझ्या हातात खरं झालं तेव्हा मी एकटीच मोठ्यांदा हसले. त्या रस्त्यावर हसणारी मी त्या वर्षात एकटीच असेन.

हसू लगेच ओसरलं, कारण आपण कुठे आहोत ते लक्षात आलं. सावळेश्वर जवळ आलं होतं. मैलाचा दगड तिरका झाला होता, त्याला नवा चुना लावलेला होता. दगडाशी कुणीतरी घोंगडीचा तुकडा अंथरून त्यावर भाकरीचा घास ठेवला होता, मुंग्या लागलेला. मी गाडी वळवली. परत येताना मला राहून राहून वाटत होतं की मागच्या सीटवर कुणीतरी बसलंय आणि त्याच्या कपड्यांना मेंढरांचा वास येतोय. आरशात पाहिलं नाही. आजही मी ते अंधश्रद्धा म्हणून सोडून देत नाही. तेव्हा मला ते जाणवलं होतं, एवढं खरं.

या सगळ्यात एक प्रश्न मला सुचायला फार वेळ लागला, आणि तोच मुळातला प्रश्न होता. थरथर कधी सुरू झाली? सगळे धरून चालले होते की टकरीनंतर. मीही तेच धरलं होतं. पण टकरीच्या आधीच ती असेल तर? तर टकरीमुळे थरथर नाही, थरथरीमुळे टक्कर. मग दोष डॉक्टरांचा नव्हे, ज्यानं गाडीला शेवटचा हात लावला त्याचा. दसऱ्याच्या आधी गाडी आमच्या नेहमीच्या मिस्त्रीकडे होती, स्टेअरिंगला ढिलाई आली म्हणून. हे आठवलं आणि मी वर्गात फळ्यासमोर खडू धरून तशीच उभी राहिले. मुलींनी खाकरून मला जागं केलं.

घरी येऊन डॉक्टरांना सरळ विचारलं, "मिस्त्रीकडून गाडी आणली तेव्हाच ती थरथरत होती का?"

"आता काय फरक पडतो?" ते म्हणाले.

"फरक पडतो. तुम्ही दवाखाना बंद करून बसलाय."

ते उठून गाडीत जाऊन बसले. मला रडू आलं, रागानं. सगळं जग याला निर्दोष म्हणतंय, आणि हा माणूस स्वतःविरुद्धची साक्ष सोडायला तयार नाही. मी ठरवलं, याला याच्याच तावडीतून सोडवायचं.

पत्र्याच्या कारागिराकडे गाड्यांखाली उतरायला खड्डा होता. दुसऱ्या दिवशी शाळा सुटल्यावर मी तिकडे गेले, पदर खोचला आणि खाली उतरले. त्याला वर बसवून स्टेअरिंग डावी-उजवीकडे फिरवायला सांगितलं. चाकांच्या आधी स्टेअरिंगचा बॉक्सच हलत होता. ज्या लोखंडी डब्यातून दांडा चाकांना वळवतो, तो गाडीच्या अंगाला बोल्टांनी घट्ट धरलेला असायला हवा. तो दुधाचा दात हलावा तसा हलत होता. बॅटरीच्या उजेडात मी बोल्ट पाहिले. आपटून सैल झालेला बोल्ट वाकतो, त्याचे आटे खरवडतात. हे बोल्ट सरळ होते, नवे होते, त्यांच्या डोक्यावर पाना लागल्याचा साधा ओरखडासुद्धा नव्हता. कुणीतरी ते बोटांनी फिरवून बसवले होते आणि तसेच सोडून दिले होते. घोडं कुठं पेंड खातंय ते मला दिसलं. कारागीर खाली वाकून म्हणाला, "आवळून देऊ का बाई?"

"हात लावू नका," मी म्हणाले. मला ते तसंच कुणाला तरी दाखवायचं होतं.

मिस्त्री मूळचा दुधनीकडचा, घरात कानडी बोलणारा, आमच्याशी मराठी. गाडी घेतली तेव्हापासून तिचं सगळं तोच बघायचा. अपघातानंतर अख्खी पेठ आमच्याकडे भेटायला येऊन गेली, तो आला नव्हता. मला तेव्हा ते खटकलं होतं, आता त्याचा अर्थ लागला असं वाटलं. मी बैलगाडीच्या वेगानं गाडी हाकत त्याच्या गॅरेजवर नेली. त्याचे कामगार होते, दोन गिऱ्हाइकं होती, समोर चहावाला होता. मी कुणाचीही भीड धरली नाही.

"मिस्त्री, स्टेअरिंगचे बोल्ट कुणी बसवले?"

तो हात पुसत आला. "मी बसवले बाई."

"आणि आवळले कुणी?"

तो गाडीखाली वाकलासुद्धा नाही. हातातल्या फडक्याची घडी घातली. मग म्हणाला, "न्हाई आवळले."

"का?"

"खंडेनवमी हुती की बाई. सांजच्याला सगळी हत्यारं पुजली. पाटावर मांडली, हळदकुंकू लावलं. आमच्यात एकदा पुजलं की दुसऱ्या दिसापर्यंत पान्याला हात लावत न्हाईत. बाच्या वेळपास्नं हाय ते. बोल्ट बोटानं बशिवले, तेवढ्यात आईनं हाक मारली, पूजेची वेळ झाली म्हणून."

मला आठवलं. त्या संध्याकाळी गाडी घरी आली ती बॉनेटवर झेंडूची माळ घालून, चाकांना हळदकुंकू लावून. आम्ही तिच्यासमोर पेढे खाल्ले होते.

"आणि तशीच गाडी देऊन टाकलीत?" मी ओरडले. "माणूस मेला त्या गाडीखाली! माझा नवरा सुईला हात लावत नाही! तुमचे पाने पाटावर झोपले होते म्हणून?"

"व्हय बाई," तो म्हणाला. "माझंच चुकलं."

एवढंच. वाद नाही, सबब नाही. मला वाटलं होतं तो नाचता येईना अंगण वाकडं करील, टकरीवर ढकलेल, मग मी बोल्ट दाखवून त्याचं तोंड बंद करीन. त्यानं मला ती संधी दिली नाही, म्हणून मी आणखी बोलले. जे तोंडाला आलं ते बोलले. एक गिऱ्हाईक आपल्या स्कूटरची किल्ली मागून घेऊन निघून गेलं. मिस्त्रीनं पाना आणला, खाली शिरला, बोल्ट आवळले. प्रत्येक बोल्टाला दोन्ही हातांनी जोर लावताना त्याचे पाय मातीत सरकत होते. बाहेर आला तेव्हा माझ्याकडे बघितलं नाही.

मी तिथूनच गाडी पुणे रस्त्याला घातली. पन्नास. पंचावन्न. साठ. काटा साठावर स्थिर धरला. काही नाही. स्टेअरिंग हातात मुकं पडलेलं होतं. मी ते दोनदा तपासलं, आणि मग घळाघळा रडले. जिंकले होते मी. माझ्या नवऱ्याचा दोष मी पान्यानं काढून टाकला होता.

डॉक्टर ओसरीत बसले होते. मी उभ्या उभ्याच सगळं सांगितलं, बोल्ट, ओरखडा, खंडेनवमी, कबुली. "तुम्ही चाक फिरवलंत, पण गाडी उशिरा वळली. तुमचा यात काही दोष नाही. त्यानं स्वतः मान्य केलंय, चारचौघांसमोर."

त्यांनी विचारलं, "आणखी काय म्हणाला तो?"

"आणखी काय म्हणणार?"

"नीट आठव. आणखी काही म्हणाला नाही?"

"नाही."

  मग ते बोलले, दवाखान्यात रोग्याला बोलायचे तशा संथ आवाजात.

"त्यानं मला सांगितलं होतं. गाडी देताना. म्हणाला, साहेब, बोल्ट आवळायचे राहिलेत, पाने पूजेत हायेत, दसरा झाला की सकाळीच आणा, तवर गावाबाहेर नेऊ नका. तो देतच नव्हता गाडी. मीच म्हटलं, दसऱ्याला दारात हवी. दसरा झाला. मी रोज म्हणायचो, उद्या नेतो."

मी खाली बसले.

"मोहोळला निघालो तेव्हा ठाऊक होतं. बाळ्याच्या पुढे थरथरायला लागली. मी वेग कमी केला, थांबली. मग उशीर व्हायला लागला. खोलीवर माणसं बसलेली असतात ना." त्यांनी तळहात उलटे करून पाहिले. "मग माझ्या लक्षात आलं की सत्तरच्या पुढे गेलं की थरथर जाते. म्हणून मी वेग वाढवला. गाडी अगदी शांत झाली होती. मला बरं वाटलं होतं. तेवढ्यात ते मेंढरू मागे फिरलं."

मला एकटीला रस्त्यावर आलेलं ते हसू आठवलं. ज्या वेगाला मी हसले होते त्याच वेगाला तो म्हातारा मेला होता. मला तिथून उठून जावंसं वाटलं. मी गेले नाही, पण त्यांच्या हाताला हातही लावू शकले नाही.

"मला मिस्त्रीकडे ने," ते म्हणाले.

अपघातानंतर ते पहिल्यांदा चालत्या गाडीत बसले. शेजारच्या सीटवर, गुडघे जवळ घेऊन. तो स्कूटरवाला सोडला तर गॅरेजवर तीच माणसं होती. आम्हाला परत आलेलं पाहून चहावाला पुढे सरकला, दुसरा अंक बघायला मिळणार म्हणून. डॉक्टर उतरले आणि सगळ्यांना ऐकू जाईल असं म्हणाले, "मिस्त्रीनं मला सांगितलं होतं की बोल्ट सैल आहेत, गाडी गावाबाहेर नेऊ नका. मी नेली." मग हळू आवाजात मिस्त्रीला म्हणाले, "तुम्ही बाईंना हे का नाही सांगितलंत?"

मिस्त्री अवघडला. "साहेब, तुमच्या दारात माणसं बसत्यात. माझ्या दारात गाड्या. गाड्या काय, दुसरीकडं जातील. माणसं कुटं जातील?"

"म्हणून खोटं बोललात?"

"खोटं कुटं बोललो?" तो एकदम वर बघून म्हणाला. त्याचे डोळे लाल होते, ते काही आज झालेले नव्हते. "पाना समोरच हुता की साहेब. पाटावर. हात लांब केला असता तर आला असता. देवानं काय हात तोडला असता माझा? आई वरडली असती, लई तर लई उपाशी राहिली असती एक दिस. मी तुमाला तोंडानं सांगितलं आन् मोकळा झालो. तुमच्या घरी यायला निघालो चारदा, पेठेच्या कोपऱ्यावरनं माघारी फिरलो. मला बी सारखं दिसतंय ते. तो पाना. कुंकू लावलेला."

डॉक्टर त्याच्याजवळ गेले. सांत्वनाचा एक शब्द ते बोलले नाहीत, त्याचा दोष नाही असंही म्हणाले नाहीत. दोघं पालथ्या ड्रमांवर शेजारी शेजारी बसले. चहावाल्यानं न मागता दोन कप आणून ठेवले. काही तरी बोलत होते ते, मान खाली घालून. म्हाताऱ्याच्या मुलाकडे जायचं होतं बहुतेक, दोघांनी मिळून. मी गाडीजवळ उभी होते, मला ऐकू आलं नाही, आणि मला कुणी बोलावलंही नाही.

दुसऱ्या दिवशी सकाळी डॉक्टरांनी दवाखाना उघडला. कंपाउंडर सांगत होता की पहिल्या इंजेक्शनला वेळ लागला, पण सुई गेली. मी शाळेला जाताना पायरीवरची माणसं आत गेलेली पाहिली आणि मला आनंद झाला, खोटं कशाला बोलू. पण त्याच्याबरोबर दुसरंही एक वाटलं, ते मी इतकी वर्षं कुणाला सांगितलं नाही. त्या सबंध हिवाळ्यात मी डॉक्टरांना एकच गोष्ट देत होते, तुमचा दोष नाही. त्यांना ती नको होती. त्यांना कुणी सोडवायला नको होतं, कुणीतरी सोबत अडकलेलं हवं होतं. मी त्या माणसाबरोबर एका छपराखाली राहत होते, एका ताटात जेवत होते, आणि तिथे, त्या ड्रमांवर, मला जागा नव्हती. मला मिस्त्रीचा हेवा वाटला. तो अजून वाटतो.